मार्सेलाची एक सही

भांडवल मागायला कुणीही आलं की मार्सेला आधी एकच प्रश्न विचारायची, "या आठवड्यात तुमच्यावर कोण ओरडलं?"

समोरचा माणूस गडबडायचा. तो रंगीत स्लाइड्स तयार करून, नवा सूट चढवून आलेला असायचा आणि हा प्रश्न त्याच्या तयारीत नसायचा. बरेचजण अभिमानानं सांगायचे, "कुणीच नाही, मॅडम. आमचे ग्राहक खूश आहेत." अशांची भेट वीस मिनिटांत आटपायची. दार लागलं की मार्सेला माझ्याकडे वळून म्हणायची, "ज्याच्यावर कुणी ओरडत नाही, त्याची वस्तू कुणी वापरत नाही. पुढचे कोण आहेत, दोन्या रीटा?"

रीटा म्हणजे मी. मूळची वसईची. नवरा इथे बहरीनला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आणि मुलं ईसा टाउनच्या शाळेत, म्हणून घरही ईसा टाउनलाच. मनामातल्या एका छोट्या गुंतवणूक कंपनीत मी ऑफिस मॅनेजर आहे. नव्याने उभ्या राहणाऱ्या कंपन्यांत सुरुवातीलाच भांडवल घालायचं आणि बदल्यात हिस्सा घ्यायचा, हा आमचा धंदा. त्याला सगळे 'व्हेंचर कॅपिटल' म्हणतात. कोण येणार, कुणाला किती वेळ, कुणाचे कुठले कागद बाकी, या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. मार्सेला गुंतवणुकीचं काम बघायला आमच्याकडे आली त्या दिवशीही माझ्या हातात यादी होती: रेसिडेंट कार्ड, पार्किंग पास, लॅपटॉप, अमवाज बेटावर फ्लॅट.

पहिल्याच दिवशी तिनं मला 'मिहा' अशी हाक मारली. त्यांच्याकडे कोलंबियात प्रेमानं 'पोरी' म्हणतात, तसं. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मी सरळ सांगितलं, "मला पोरगी म्हणायचं तर आधी माझ्या पोरांना विचार." ती मोठ्यानं हसली. दुसऱ्या दिवसापासून मी 'दोन्या रीटा' झाले. मान द्यायच्या बाईला तसं म्हणतात म्हणे. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला ती आमच्याच बाकावर येऊन बसायची आणि भजन आपल्या भाषेत, आपल्याच चालीत, न लाजता म्हणायची. माझी धाकटी मला कोपरानं ढोसायची, "मम्मा, टेल हर द ट्यून इज डिफरंट." मी काही सांगितलं नाही.

तिचं गाव डोंगरात. बहरीनच्या सपाटीचा तिला वैताग यायचा. अमवाजहून ऑफिसला येताना पुलावर गाडी जराशी चढते, तेवढ्यासाठी ती लांबचा रस्ता घ्यायची. "एवढा तरी चढ हवा," म्हणायची. आई शाळेचे युनिफॉर्म शिवायची. तिच्या हाताखाली सहा बायका होत्या. बँकेनं त्या बाईला कधी दारात उभं केलं नाही, कारण धंदा होता पण धंद्याचा कागद नव्हता. मुलगी शिकली, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेली आणि तिथं याच क्षेत्रात नऊ वर्षं राहिली.

त्या नऊ वर्षांबद्दल ती फार बोलायची नाही. एकदा दुपारी डबा खाताना मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथं मी लॅटिना होते. खोलीत शिरले की आधी ती 'लॅटिना' शिरायची, मग मी. माझ्यासारखी दुसरी कुणी त्या टेबलाला सहसा नसायची. इथं मला कुणी लेबनानी समजतं, कुणी फिलिपिनो. जरा सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं."

मग चमचा खाली ठेवून तिनं टेक्सासमधल्या एका मेक्सिकन बाईची गोष्ट सांगितली. ही बाई छोट्या बेकऱ्यांना माल पुरवायची आणि त्यासाठी तिनं एक चांगली पद्धत बसवली होती. तिला शोधलं मार्सेलानं. आठ महिने तिच्या गोदामात बसून सगळं समजून घेतलं तेही मार्सेलानं. करार झाला तेव्हा सही वरच्या साहेबांची आणि फोटोही त्यांचाच. "मी फोटो काढला," मार्सेला म्हणाली. "खरंच. माझ्याच फोनवर. नऊ वर्षांत अशा पाच कंपन्या झाल्या, दोन्या रीटा. शोधायची मी आणि नाव दुसऱ्याचं. मला एक कंपनी हवी आहे. एकच, पण जिच्या कागदावर माझी सही असेल."

तशी सोय आमच्या कंपनीत होती. आमचे मालक अबू यूसुफ, जुन्या व्यापारी घराण्यातले, सत्तरीचे गृहस्थ. सगळे निर्णय पाच जणांची समिती घेते, मार्सेला त्यातली एक. पण प्रत्येक सभासदाला त्याच्या कराराच्या काळात एकदा, समितीचं मत विरुद्ध गेलं तरी, स्वतःच्या सहीनं एका कंपनीला भांडवल देता येतं. एकदाच. चुकलं तर करार पुढे वाढत नाही, एवढीच अट. बाकीच्या चौघांनी ती सही कधी वापरली नव्हती. मार्सेलाचा करार तीन वर्षांचा होता.

आता माझ्या चुकीबद्दल. येणारे अर्ज मी तीन फायलींत लावायचे. ओळखीतून आलेले पहिल्या फायलीत. आपणहून आलेले दुसऱ्या. अर्धवट भरलेले तिसऱ्या. समितीपुढे जायची पहिली फाइल. दुसरी वेळ उरला तर, आणि वेळ कधी उरत नसे. नियम माझाच होता आणि मला त्याचा अभिमान होता, कारण माझ्या आधी तिथं नुसता ढीग होता.

एका रविवारी आठवड्याचं काम सुरू होतानाच मार्सेला रेकॉर्ड रूममध्ये गेली आणि दुसरी-तिसरी फाइल घेऊन जमिनीवरच बसली. दुपारपर्यंत उठली नाही. मग मला बोलावलं. तिनं दोन गठ्ठे केले होते. मोठा गठ्ठा बायकांचा.

"यांतल्या बऱ्याच अर्जांत एकच रकाना रिकामा आहे," ती म्हणाली. "'तुम्हाला आमच्याकडे कुणी पाठवलं?' बाकी सगळं भरलंय."

"तो रकाना सक्तीचा आहे."

"सक्ती कुणी केली?"

"मी."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुमची यादी फार चांगली आहे. म्हणून तर तिच्यातून कुणी सुटलं नाही."

दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी तो रकाना काढून टाकला आणि तिसरी फाइल तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिनं वर न बघताच सगळ्यात वरचा अर्ज ओढला आणि विचारलं, "जिदहफ्स किती लांब आहे?"

तो अर्ज शहनाजचा होता. मूळची दापोलीकडची, वय अडतीस, जिदहफ्सला राहणारी. आठ वर्षं शाळेच्या खाजगी गाड्यांवर मुलांना चढवायचं-उतरवायचं काम केलेली. मुलं तिला 'बस आंटी' म्हणायची. आखातातल्या उन्हात बंद गाडीत मूल झोपून राहिलं तर काय होतं, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक असतं. शहनाजनं त्यावर उपाय काढला होता. गाडीच्या शेवटच्या सीटवर एक स्टिकर. मुलं उतरली की आंटीनं मागपर्यंत चालत जायचं, फोननं त्या स्टिकरचा फोटो घ्यायचा. तो फोटो गेल्याशिवाय ड्रायव्हरची फेरी संपत नाही. फोटो गेला की सगळ्या आयांच्या फोनवर दोन शब्द येतात, 'गाडी रिकामी'. फोनमधली करामत धाकट्या बहिणीनं लिहिली होती. अशा अकरा गाड्या शहनाज चालवत होती.

शहनाजचं इंग्रजी तुटकं, म्हणून मार्सेलानं मला बरोबर नेलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. शहनाजनं आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः उभी राहिली.

मार्सेलानं विचारलं, मी मराठीत सांगितलं, "या आठवड्यात तुझ्यावर कोण ओरडलं?"

"कोण नाय ओरडलं ते विचारा, रीटाबाई!" शहनाज म्हणाली. "कालच्याला एक बाई वीस मिनटं भांडली. मेसेज सात मिनटं उशिरा गेला म्हणून. तिची पोरगी तवा वर्गात बसून डबा खात होती. मी म्हटलं, पोरगी डबा खातेय. ती म्हणते, ते मला का कळलं नाय? आता यावर काय बोलायचं?"

मी हे सगळं इंग्रजीत सांगेपर्यंत मार्सेलाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं होतं. "त्या बाईचा नंबर आहे?" तिनं विचारलं. आणि खरोखरच त्या बाईला फोन लावून ती पाव तास तिच्याशी बोलली.

नंतरच्या आठवड्यात आम्ही दोघी पहाटे उठून शहनाजबरोबर तिच्या एका गाडीनं जिदहफ्सहून ईसा टाउनला निघालो. मुलं पेंगत होती, एकाच्या बुटाची लेस दुसऱ्याच्या बॅगेत अडकली होती. शाळेच्या फाटकाशी मुलं उतरली. गाडीवरच्या आंटीनं, झरीना तिचं नाव, दारातच उभं राहून फोन काढला, खटकन फोटो घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "यल्ला," म्हणजे चल.

शहनाज जागेवरून उठली. मागपर्यंत चालत गेली. शेवटच्या सीटवर स्टिकर नव्हता. तो झरीनानं काढून दाराजवळच्या दांड्याला चिकटवला होता, मागपर्यंतचं चालणं वाचवायला.

मार्सेलाला यातलं काही समजलं नव्हतं. शहनाज गप्प राहिली असती तर मीही गप्प राहिले असते. ती पुढे आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "रीटाबाई, मॅडमना सांगा. जसं हाय तसं सांगा." आणि मग झरीनाकडे वळून तिनं जे काही सुनावलं ते मी भाषांतर करून सांगितलं नाही. झरीना रडायला लागली. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. शहनाज पायरीवर बसली आणि स्वतःशीच म्हणाली, "खलास."

मी स्टिकरचं सगळं सांगितलं, तशी मार्सेला तिच्या शेजारी पायरीवर बसली. म्हणाली, "आता तिला विचार, का केलं."

झरीनाचे गुडघे गेले होते. गाडीतली वाट चिंचोळी, तिच्यात दप्तरं. दिवसातून सहा वेळा मागपर्यंत जाऊन येणं तिला जमत नव्हतं आणि नोकरी जाईल म्हणून ती बोलली नव्हती. शहनाजनं गाडीत चढून ती वाट बघितली. मग म्हणाली, "मग तुला पुढं बसवतोच कशाला?"

आठ दिवसांत अकराही गाड्यांत आंटीची जागा शेवटच्या सीटवर गेली. आता तिला मागे चालत जावं लागत नाही. सगळी मुलं उतरली की सगळ्यात शेवटी तीच पुढे येते, येता येता प्रत्येक सीट बघत. स्टिकर तिच्या शेजारीच. खर्च काहीच नाही. झरीना अजून कामावर आहे.

मार्सेलानं अहवाल लिहिला आणि ही गोष्ट पहिल्याच पानावर घातली. टाइप करताना मी म्हटलं, "हे शेवटी घालूया का? परिशिष्टात?"

"नाही. मी याच्यावरच भांडवल देणार आहे. चूक दिसल्यावर शहनाज काय करते, ते मी बघितलं."

समितीच्या बैठकीला शहनाज नवीन अबाया घालून आली होती. फायनान्सचे नायर साहेब कागदांतल्या खाचाखोचा पटकन पकडतात, तेवढेच पटकन दुसऱ्याचं बोलणंही तोडतात. "म्हणजे तुमच्यासमोरच सिस्टिम फसली," ते मार्सेलाला म्हणाले. "शिवाय हा गाड्यांचा धंदा आहे. यात टेक्नॉलॉजी कुठे आहे? आणि या बाई स्वतः..."

शहनाज बोलायला लागली होती, ती थांबली. मार्सेलानं हात वर केला. "तिचं वाक्य व्हायचंय." हे वाक्य मी तिच्या तोंडून त्या तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलं की घरी जेवताना माझ्या नवऱ्यावरही वापरलं आहे.

शहनाजला इंग्रजी सुचेना. मी भाषांतर करायला पुढे सरकले, तर अबू यूसुफ हिंदीत म्हणाले, "बोलो बेटी. हम समझता है. हम जवान था तब बंबई में तीन साल बैठा था, मोती लेके."

ती बोलली. दहा मिनिटं, हिंदीत, मधेच मराठीत. शेवटी म्हणाली, "साहब, ये गाड़ी का धंदा नहीं है. माँ लोग का धंदा है."

मत झालं. दोन मतं बाजूनं, तीन विरुद्ध. विरुद्ध मतांत अबू यूसुफही होते. शहनाज बाहेर गेल्यावर ते मार्सेलाला म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण अजून एक वर्ष थांब. आणि तुझी ती सही, ती आता समितीपुढे येणाऱ्या रियाधच्या कंपनीसाठी ठेव. ती बुडणार नाही. तू इथं राहावीस असं मला वाटतं."

"मलाही राहायचंय," मार्सेला म्हणाली. "पण रियाधची कंपनी माझ्या सहीशिवायही उभी राहील. हिच्यासाठी दुसरं कोण सही करणार?"

करारपत्र मीच छापून आणलं. तिनं पेन घेतलं आणि थांबली. रेसिडेंट कार्डावर, बँकेत, आमच्या कागदांवर, सगळीकडे तिचं एकच आडनाव होतं, वडिलांचं. त्यांच्याकडे माणूस दोन आडनावं लावतो, आधी वडिलांचं आणि मग आईचं. पण फॉर्मवर जागा एकाचीच असते. त्या दिवशी तिनं दोन्ही आडनावं लिहिली, सावकाश, शाळेतल्यासारखी.  मी ते पान नव्यानं छापून आणलं, त्यावर टाइप केलेलं नावही तसंच पूर्ण, आणि तिनं पुन्हा तशीच सही केली.

पहिले सहा महिने वाईट गेले. चार ड्रायव्हर एकदम सोडून गेले. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि गाड्या उभ्या राहिल्या. नायर साहेब दर बैठकीला सौम्यपणे विचारायचे, "आणि आपल्या बसेस?" मार्सेलाचं वजन उतरलं. तिच्या फ्लॅटचा करार नव्यानं करायचा की नाही, हे माझ्या यादीत चार आठवडे तसंच पडून होतं. मी विचारलं की म्हणायची, "इंशाल्ला." सुट्टीत तिनं आणि शहनाजनं मिळून सात शाळांचे उंबरे झिजवले. भर उन्हात, शहनाजच्या जुन्या गाडीतून, जिचा एसी फक्त ड्रायव्हरच्या बाजूला चालायचा.

सप्टेंबरात शाळा उघडल्या तेव्हा दोन शाळांनी सगळ्या गाड्या तिच्याकडे दिल्या. वर्षअखेरीस अकराच्या पासष्ट झाल्या. नायर साहेबांनी आपल्या नातवाचं नाव शहनाजच्या गाडीत घातलं, कुणाला न सांगता. मुलांच्या यादीत मला दिसलं.

अबू यूसुफनी मार्सेलाचा करार वाढवून दिला. तिनं तो दोन दिवस टेबलावर ठेवला आणि मग सही न करता परत केला. तिच्या गावाजवळच्या शहरात तिच्या ओळखीच्या दोघीजणी, एक बँकेत होती, दुसरी कायद्यात, स्वतःचा छोटा फंड सुरू करत होत्या. तिसरी हवी होती. "तिथं माझ्या आईसारख्या फार आहेत," ती म्हणाली. "कागद नसलेल्या." अबू यूसुफना वाईट वाटलं, पण त्यांनी उठून तिला दारापर्यंत सोडलं. ते कुणासाठी उठत नाहीत. शहनाजच्या कंपनीच्या संचालक मंडळावर आमच्या वतीनं मार्सेलाच राहील, असंही त्यांनी लिहून दिलं. बैठका आमच्या ऑफिसात होतात आणि इतिवृत्त मी लिहिते, हे तेव्हापासूनच.

ती गेल्यावर चार महिन्यांनी दुबईची एक मोठी कंपनी शहनाजकडे आली. कुवेत, मस्कत, सगळीकडे गाड्या नेऊ म्हणाली. अटी चांगल्या होत्या. एकच अट जादा: मंडळावर जागा कमी आहेत, तेव्हा परदेशात गेलेल्या बाईंची जागा आम्हाला द्या.

मी मार्सेलाला फोन लावला. ती लगेच म्हणाली, "देऊन टाका. शहनाजला सांगा, वेडेपणा करू नकोस. खुर्ची काय, खुर्ची आहे."

मी हे शहनाजला सांगितलं. अबू यूसुफनी निर्णय तिच्यावर सोडला होता. तिनं नीट ऐकून घेतलं, चहा संपवला आणि विचारलं, "त्यांनी खुर्ची मागितली की ती देते म्हणाली?"

"दोन्ही."

"दोघांना सांगा, नाय."

दुबईवाल्यांनी पाच आठवडे ताणलं. त्या पाच आठवड्यांत झोप उडाली होती ती माझी. शहनाज रोज गाड्या मोजत होती. शेवटी ते आले, त्या खुर्चीचा हट्ट सोडून.

नव्या मंडळाची पहिली बैठक गुरुवारी चार वाजता ठेवली. तिकडे सकाळचे आठ. पडद्यावर मार्सेला आली, केस ओले, हातात कॉफी, मागे खिडकीतून चढत गेलेला हिरवा डोंगर. दुबईचे गृहस्थ सभ्य होते. ओळखीपाळखी झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "इतिवृत्तात या मॅडमचं नाव कसं येईल? कुणाच्या प्रतिनिधी म्हणून?"

कागदोपत्री उत्तर मला माहीत होतं, मी तोंड उघडलं. तेवढ्यात शहनाज इंग्रजीतच म्हणाली, थांबत थांबत, पण कुणाचीही मदत न घेता, "प्रतिनिधी नंतर लिहा. आधी लिहा, आमची पहिली गुंतवणूकदार. सगळे नाही म्हणत होते तेव्हा सही करणारी."

पडद्यावर मार्सेलानं कॉफीचा कप तोंडासमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. नायर साहेब चष्मा पुसत होते. मी लिहिलं, तिची दोन्ही आडनावं घालून, आणि त्यापुढे शहनाजनं सांगितलं तसं.

मग शहनाजनं मस्कतच्या गाड्यांचा विषय काढला.